वर राहिलेला भाऊ

भिवंडीतल्या कामतघरला आक्काच्या चाळीतली सगळ्यात शेवटची खोली सरूची. चाळीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्याच्या खडखडाटाची चाळीला इतकी सवय झालेली, की माणसं कारखाना बंद असला तरी एकमेकांशी ओरडूनच बोलत. कोपऱ्यावर ताडीचं दुकान. चाळ आक्काची आणि दुकान आक्काचा मुलगा धनेश चालवायचा.

सरू आणि तिचा नवरा मंगळ्या वारली समाजाचे. गणेशपुरीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. मंगळ्याचा बाप ताडाची ताडी काढायचा, बापामागे मंगळ्या आणि त्याचा धाकटा भाऊ जान्या काढू लागले. कमरेला कोयता, पाठीला मडकं, की मंगळ्या सरसर वर. वरून तो गाणी म्हणायचा, खाली भात लावणाऱ्या बायका त्याला हसायच्या. त्यातलीच एक सरू.

एका उन्हाळ्यात मंगळ्याच्या पायात काटा मोडला आणि पाय सुजला, म्हणून उंच ताडावर जान्या गेला. शेंड्याला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं. माश्या उठल्या. जान्यानं झाडाला मिठी मारली आणि तो हलेचना. "दादा, मना उतरव! दादा, मना उतरव!" एवढंच ओरडत राहिला. मंगळ्या सुजल्या पायानं चढू लागला. अर्ध्यावर पोचला असेल नसेल, तोच जान्याचे हात सुटले. खाली येताना जान्याचा हात मंगळ्याच्या खांद्याला घासून गेला. तेवढाच. धरता आला नाही.

त्यानंतर मंगळ्या कधी ताडावर चढला नाही. पाड्यावर बसून राहिला तर ती झाडं दिवसभर डोळ्यांपुढं. शेवटी मुलीला, प्राजक्ताला, आश्रमशाळेत घालून नवराबायको भिवंडीला आली. मंगळ्याला कारखान्यात सुतानं भरलेले जड बीम वाहायचं आणि कापडाचे तागे टेम्पोत चढवायचं काम मिळालं. सरू सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली.

धनेशच्या दुकानातली ताडी मंगळ्यानं पहिल्यांदा तोंडात घेतली आणि तिथंच थुंकली.

"ह्याला झाडाचा वास न्हाय," तो घरी येऊन सरूला म्हणाला. "सकाळची ताडी गोड लागते, दुपारची आंबते. ही सकाळपासून रातीपर्यंत एकाच चवीची. पानी हाय, पानी. काहीतरी कालवलंय."

ते खरंच होतं. भिवंडीत ताड उरले होते किती, आणि पिणारे किती! पण कारखान्यातली सगळीच माणसं शिफ्ट सुटली की त्या दुकानात जात. मंगळ्याला झोप लागत नव्हती. डोळे मिटले की खांद्याला काहीतरी घासून जायचं आणि तो दचकून उठायचा. एकदा असाच एक बिहारी कारागीर त्याला ओढत घेऊन गेला. त्या दिवशी मंगळ्या दोन ग्लास प्यायला आणि घरी येऊन जो झोपला तो दुसऱ्या दिवशी ड्युटीची वेळ झाली तेव्हाच उठला. ताजातवाना होऊन उठला. सरूला बरं वाटलं. भाऊ गेल्यापासून नवरा असा झोपलेला तिनं पाहिला नव्हता.

अशी तीन-चार वर्षं गेली. मंगळ्या दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांतला नव्हता. पैसे द्यायचा, बायकोवर हात टाकायचा नाही, ताडी प्यायची आणि गुपचूप झोपायचं. चाळीत कुणी त्याला व्यसनी म्हटलं नसतं.

मग निवडणूक आली आणि दुकान बंद झालं. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळ्याचे हात कापायला लागले. घामानं अंगातली बंडी भिजली. सरूला वाटलं, हिवताप. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. भारनियमन तेव्हा रोजचंच होतं. वीज गेली की सगळे लूम एका दमात थांबत आणि कामतघरभर अशी शांतता पसरे की कानांत दडे बसल्यासारखं वाटे. सरू भाकरी थापत होती. भिंतीला टेकून बसलेला मंगळ्या छताकडं बघत होता.

"सरू," तो हळूच म्हणाला, "जान्या आलाय."

सरूचा हात पिठातच राहिला.

"कुटं?"

"त्या आडव्या पाइपाला धरून बसलाय. तुना दिसत न्हाय? माश्या अजून त्याच्या तोंडावर हायत." मग तो वर बघून बोलू लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. "थांब रं. हात सोडू नको. येतो मी."

सरूनं वर पाहिलं. पत्र्याखाली जळमटं होती, दुसरं काही नव्हतं. तरी तिला पुन्हा वर बघवेना. संध्याकाळपर्यंत मंगळ्या बोलत होता. मधेच अंगावरून काहीतरी झटकायचा. भिंतीपलीकडच्या खोलीतला माणूसही त्या दिवशी अंथरुणावर मुंग्या आल्या म्हणून चादर झाडत होता. पण ज्याची त्याची बायको ज्याच्या त्याच्या खोलीत दार लावून बसलेली. कुणी कुणाला विचारलं नाही.

दुकान उघडल्याबरोबर मंगळ्या उठत-पडत गेला, प्यायला, येऊन झोपला. उठला तेव्हा चांगला. हात स्थिर, डोळे स्वच्छ. "भूक लागली," म्हणाला.

सरूनं त्याला पाड्यावर भगताकडं नेलं. भगतानं तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, जान्याचं मन भरलेलं नाही, त्याला कोंबडा द्या. दिला. पण सरूनं मनाशी वेगळाच हिशोब बांधला होता. दुकान बंद होतं तेव्हा जान्या आला, ताडी पोटात गेली आणि जान्या गेला. म्हणजे कोंबडा राहिला बाजूला, ताडीच जान्याला दूर ठेवते. त्या दिवसापासून ती मंगळ्याला कधी "पिऊ नको" म्हणाली नाही. उलट तो दमून पडला असेल तर स्वतः कॅन घेऊन कोपऱ्यावर जायची. दुकान बंद राहिलंच तर असावी म्हणून एक बाटली तांदळाच्या डब्याशेजारी झाकून ठेवायची, घरात तापाच्या गोळ्या ठेवाव्यात तशी.

धनेश हसून म्हणायचा, "वैनी, तुझ्यासारखी बायको पायजे सगळ्यांना."

मंगळ्या मात्र उतरत गेला. पाय सुजले. बोलणं जड झालं. बीम उचलताना झोक जाऊ लागला तेव्हा मालकानं काम सोडायला सांगितलं. ताडावर चढणाऱ्या माणसाची ती पाठ आता सरूला ओळखू येईना. तरी ती कॅन भरून आणतच राहिली, कारण तिला दुसरं भय मोठं वाटत होतं.

दोन वर्षांनी दूर कुठल्याशा वस्तीत ताडी पिऊन माणसं दगावली आणि सगळीकडं धाडी पडल्या. धनेशच्या दुकानाला सील लागलं. सरूची बाटली दोन दिवस पुरली. मग हात कापू लागले, घाम, मुंग्या, सगळं ओळीनं आलं. ती कामावर गेली नाही. मंगळ्याचा हात पदराला बांधून बसून राहिली. दुपारी ती नळावर गेली तेवढ्यात वीज गेली, लूम थांबले. ती हंडा टाकून पळत आली. खोली रिकामी होती.

बाहेर आरडाओरडा चालला होता. मंगळ्या कारखान्याच्या छपरावर होता. ज्यानं इतकी वर्षं शिडीला पाय लावला नव्हता तो पावसाच्या पाण्याचा पाइप धरून वर गेला होता आणि सिमेंटच्या पत्र्यांवर, अगदी कडेला, एक हात हवेत पुढं करून उभा होता. खालून माणसं ओरडत होती, "अरे उतर! पत्रा टूट जाएगा!" कुणी शिडी आणली, पण मंगळ्यापाशी जायचं धाडस कुणाला होईना. पत्रे दोघांचं वजन पेलणारे नव्हते.

"हात दे," मंगळ्या म्हणत होता. "जान्या, हात दे मना." आणि एक पाऊल पुढं सरकला.

सरूला पुढं काही सुचलं नाही. ती छातीत होता नव्हता तेवढा दम घेऊन ओरडली, "मंगळ्या! अरं जान्या हितं हाय! खाली आलाय तो! माझ्याजवळ उभा हाय!"

मंगळ्या थांबला. त्यानं खाली पाहिलं.

"कवा आला?"

"आताच. तू तिकडं बघत व्हतास तवा उतरला. त्याला तहान लागलीय, तुना बोलावतोय. ये ना रं खाली!"

तो मागं फिरला. पाइप धरून जसा चढला तसाच उतरला, एकदाही न घसरता. जमिनीवर पाय टेकले आणि त्यानं सरूच्या डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं. "कुटं हाय?" एवढं विचारलं आणि डोळे फिरवून तो खाली कोसळला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला.

त्याला रिक्षात घालून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं सरूला बाजूला बसवून विचारलं, हे काय पितात, कधीपासून, आणि कधी सुटलं. सरूनं भुताचं सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही.

"बाई, भाऊ गेल्याचं दुःख त्यांना आहेच," ती म्हणाली. "पण हे दिसतंय ते ताडीमुळं. म्हणजे खऱ्या ताडीमुळं नाही. त्यात झोपेच्या औषधाची पावडर टाकतात. मेंदूला तिची सवय होते. एकदम बंद झाली की असे झटके येतात, नको ते दिसतं. माणूस जातो सुद्धा. घरी अचानक तोडायची नाही, इथं आणायचं. आम्ही औषध देऊन हळूहळू सोडवतो."

सरूनं विचारलं, "म्हंजी मी त्याला कॅन भरून देत व्हते, ती..."

डॉक्टरणीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. पण सरूला कळायचं ते कळलं होतं.

परत आल्यावर ती सरळ आक्काकडं गेली. आक्का ओट्यावर मासळी निवडत होती. वाईट बाई नव्हती. सरूचं दुसरं मूल बाळंतपणातच गेलं तेव्हा ह्याच आक्कानं तिला स्वतःच्या घरून पेज पाठवली होती.

"आक्का, ताडीत पावडर असते?"

आक्काचा हात थांबला नाही. "दुकान पोराचं हाय. मना काय विचारतंस?"

"तुमाला ठाव होतं?"

आक्का मान वर न करता म्हणाली, "माझ्या घरात तिचा एक थेंब कोनी पित न्हाय, सरू. एवढंच सांगते." आणि तिनं त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. सरूनं ते दारात ठेवलं आणि ती निघून आली.

मंगळ्या बरा झाला. खरंच बरा झाला. पायाची सूज उतरली, जेवू लागला. कशेळीला गोदामात त्याला हमालीचं काम मिळालं. सुट्टीत प्राजक्ता आली तेव्हा तिला बरोबर घेऊन खाडीवर बगळे दाखवायला गेला. सरूला वाटलं, सुटलो.

पण वर्षभरानं एका सकाळी त्याच्या हातात चहाची बशी वाजली. सरू तो आवाज ओळखत होती.

"तू पितोस."

"पीत व्हतो. कशेळीला एक दुकान हाय. आता चार दिस झाले, सोडली."

"सोडली? मग दवाखान्यात का न्हाय गेलास? मेला असतास!"

मंगळ्या तिच्याकडं बघत नव्हता. त्याची नजर छताकडं होती, आणि चेहऱ्यावर भीती नव्हती. सरूला त्याचंच जास्त भय वाटलं.

"पिऊन तो येत न्हाय, सरू," तो म्हणाला. "सोडली का येतो."

तिला आधी समजलंच नाही. मग उमगलं. तो नशेसाठी पीत नव्हता. महिना-दोन महिने अंगात मुरवायची आणि मग एकदम तोडायची, म्हणजे भाऊ दिसतो, हे त्यानं शोधून काढलं होतं.

"कशाला बोलावतोस त्याला? गेलेल्या मानसाला असं बोलवू नये रं."

"गेला कुटं? तो अजून वर हाय. मी खाली आलो, तो राहिला. तू सांगलंस खाली आलाय. मी बघितला, न्हवता."

"मी खोटं बोलले," सरू रडत म्हणाली. "तू पडशील म्हनून खोटं बोलले. तिथं कोनीच नव्हतं, वर बी नव्हतं, खाली बी नव्हतं. डॉक्टरीण बोलली ती तुना ऐकू आली न्हाय का? पावडर हाय ती!"

"पावडर असंल," मंगळ्या शांतपणे म्हणाला. "पावडरीतून येतो तर येऊ दे. मना एकदा त्याचा हात धरायचाय. धरला का मग न्हाय पिनार. तुझी आन."

तिनं त्याला पुन्हा ठाण्याला नेलं. पुन्हा तो बरा होऊन आला. सरू त्याला गोदामापर्यंत सोडायला आणि आणायला जाऊ लागली. बरोबरच्या हमालांना हात जोडले. पण बारा तासांची ड्युटी असलेल्या माणसाला कोण किती राखणार, आणि तिलाही कांड्या भराव्या लागत होत्या. दिवाळीनंतर एक दिवस मंगळ्या म्हणाला, प्राजक्ताला भेटून येतो. आंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला, एसटीच्या स्टँडवर सरूनं त्याला बसवून दिलं. त्याचे हात तिनं मुद्दाम हातात घेऊन पाहिले होते. कापत नव्हते. पुन्हा धरलेली ताडी तोडून अजून एक दिवसही झाला नव्हता, हे तिला नंतर कळलं.

तो आश्रमशाळेत गेलाच नाही. पाड्यावर गेला, भावकीत जेवला, सगळ्यांशी बोलला, दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गुराख्याला तो त्या उंच ताडाखाली सापडला. झाडावर चढल्याची एकही खूण नव्हती. ना पोटरी खरचटलेली, ना छाती. बुंध्याला पाठ लावून बसला असावा आणि तिथंच झटका आला असावा. उजवा हात वर उचललेला होता आणि तसाच ताठ झालेला. अंगावर माती घालताना तो खाली करायला दोन माणसं लागली.

पाड्यानं सांगितलं, जान्यानं नेला. ते झाड तोडायचं ठरलं. प्राजक्तानं आईला विचारलं, "काकानं बाला नेलं?"

"न्हाय," सरू म्हणाली. "तुझ्या काकानं कोनाला न्हेलं न्हाय. तो पोर व्हता बिचारा, भ्याला आनि पडला. तुझ्या बाला ताडीतल्या पावडरीनं न्हेलं. मीच ती त्याला आनून पाजत व्हते. कोनी विचारलं तर असंच सांग."

भावकीतल्या बायांना ते आवडलं नाही. भुतानं नेलेल्या माणसाची कीव येते, पावडरीनं नेलेल्याची लाज वाटते. सरू मात्र ज्याला त्याला तेच सांगत राहिली.

ती कामतघरलाच परतली. आक्काच्या चाळीत राहिली नाही, गल्ली सोडून दुसरी खोली घेतली. धनेशचं दुकान तोवर दुसऱ्याच्या नावानं, दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू झालं होतं. सरूनं तिथं जाऊन भांडण केलं नाही. एकट्या बाईच्या भांडणानं दुकानं बंद होत नाहीत आणि झाली तर त्या दिवशी किती घरांत काय होईल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती कांड्या भरणाऱ्या बायकांना सांगू लागली. नवऱ्याचे हात कापले तर भगताकडं जाऊ नका, परत ताडीही पाजू नका, दार लावून बसू नका, मला हाक मारा. बऱ्याच जणी नाक मुरडायच्या. काही जणी मात्र हाक मारायच्या.

अशीच एकदा हाक आली. आझमगडकडचा एक कारागीर, बायको नुकतीच गावाहून आलेली, मराठीचा गंध नाही. सरूनं दोघांना रिक्षात घातलं. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली, रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती. तो माणूस दोघींच्या मधे थरथरत बसला होता. एकाएकी त्यानं खाडीकडं बोट दाखवलं.

"भाभी, वो देखो. पानी के ऊपर हमारी अम्मा खड़ी है. बुला रही है."

त्याची बायको किंचाळायच्या बेतात होती. सरूनं तिचा हात दाबला. तिला पटकन म्हणता आलं असतं, अम्मा इकडं रिक्षात आलीय बघ. शब्द तिच्या ओठांवर आलेही. तिनं ते गिळले.

"नहीं है," ती म्हणाली. "तेरे को दिखता है, पर है नहीं. मेरी तरफ देख. मेरे को पकड़."

तो तिच्याकडं बघायला तयार नव्हता. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि पुढचे ट्रक हलेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग तिनं स्वतः एकदा खाडीकडं नजर टाकली. ओहोटी होती. चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या.

दवाखान्यात नर्सनं नाव-गाव विचारलं. "हे तुमचे कोण?"

"कोनी न्हाय. पलीकडच्या खोलीतला हाय."

"पहिल्यांदाच आणलंय?"

"ह्याला पहिल्यांदा," सरू म्हणाली, आणि त्याच्या बायकोला बाकावर बसवून तिच्यासाठी पाणी आणायला गेली.